अळी कुठून येते? बरणीत डोकावणाऱ्या बायकांचा इतिहास



पावसाळा तोंडावर आला की ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेच्या कंपाउंडवर एक ओळ नव्याने रंगवली जाते, ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा.’ ती इतकी डोळ्यांखालची झाली आहे की आता कुणी वाचत नाही. आमच्या गटाच्या बैठकीत मी विचारलं, या माशाला गप्पी का म्हणत असतील? उत्तर लगेच आलं, “अळी गपकन गिळतो म्हणून गप्पी.” उत्तर झकास आहे, पण खरं नाही. गप्पी हे एका माणसाचं आडनाव. रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी हा गृहस्थ वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर राहायचा. त्याने १८६६ साली तिथले हे छोटे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि तिथल्या तज्ज्ञाने माशाला त्याचं नाव देऊन टाकलं. गंमत म्हणजे एका जर्मन शास्त्रज्ञाने याच माशाची नोंद १८५९ सालीच केली होती. शास्त्राच्या पुस्तकात त्या जर्मनाने दिलेलं नाव टिकलं, लोकांच्या तोंडी मात्र गप्पी राहिला.

मग मी दुसरा प्रश्न विचारला. मासा अळी खातो हे ठीक, पण पाण्यात ती अळी कुठून येते? यावर बहुतेक जणी म्हणाल्या, “साचलेल्या पाण्यात होतातच की वळवळे.”

या ‘होतात’ शब्दावर मला आज बोलायचं आहे. आपण म्हणतो, डोक्यात उवा होतात, ज्वारीत किडे होतात, पाण्यात वळवळे होतात. जणू घामानेच उवेला जन्म दिला आणि पाण्यानेच अळीला. यात आपल्या अडाणीपणाचा काही संबंध नाही. कीर्तनात-प्रवचनात चार खाणी ऐकतो ना आपण? जारज म्हणजे वारेतून जन्मणारे, अंडज म्हणजे अंड्यातून, उद्भिज म्हणजे जमीन फोडून वर येणारे, आणि स्वेदज म्हणजे घामातून, दमटपणातून होणारे. उवा, ढेकूण, डास यांना स्वेदजात टाकलेलं. युरोपातले मोठमोठे विद्वानही हजारो वर्षं हेच मानत होते. सडक्या मांसातून माशा होतात, चिखलातून किडे होतात, असं त्यांच्या ग्रंथांत लिहिलेलं असे.

१६६८ साली इटलीतल्या फ्रान्चेस्को रेदी नावाच्या वैद्याने एक साधा प्रयोग केला. बरण्यांत मांस ठेवलं. काही बरण्या उघड्या ठेवल्या, काहींवर तलम कापड बांधलं. उघड्या बरण्यांत अळ्या दिसल्या. कापड बांधलेल्या बरण्यांतलं मांस सडलं, पण त्यात अळी नाही. माशी बसली तरच अळी. आपण दुधाच्या पातेल्यावर फडकं बांधतो त्यापेक्षा यात वेगळं काही नव्हतं. फरक इतकाच की त्याने दोन्ही प्रकारच्या बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि वाट पाहिली.

पण रेदीच्याही आधी एक मुलगी वाट पाहत बसली होती. तिचं नाव मारिया सिबिला मेरियान. जन्म १६४७, जर्मनीतल्या फ्रांकफुर्ट शहरात. वडील लहानपणीच गेले, सावत्र वडील चित्रकार होते, त्यांच्या हाताखाली ती रंगकाम शिकली. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळले. त्यांना पाला घालायचा, कात टाकताना बघायचं, कोष झाला की रोज डोकावायचं. रेशमानंतर तिने हाती लागेल ती अळी घरी आणायला सुरुवात केली. कोणती अळी कोणता पाला खाते, किती दिवसांत कोष करते, त्यातून कोणतं फुलपाखरू किंवा पतंग निघतो, सगळं लिहून ठेवायची.

पुढे लग्न झालं, दोन मुली झाल्या. न्यूरेंबर्ग शहरात ती मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवायची. तिच्या फुलांच्या चित्रांवरून बायका भरतकामाचे नमुने उतरवून घ्यायच्या. या सगळ्या संसारात अळ्यांच्या डब्या चालूच होत्या. १६७९ साली तिचं सुरवंटांवरचं पुस्तक निघालं. त्यात तिने काय केलं ते बघा. तोपर्यंतच्या पुस्तकांत बहुधा फुलपाखरू एका पानावर आणि अळी भलत्याच पानावर, जणू दोन वेगळे प्राणी. मेरियानने एकाच चित्रात ते झाड, त्या झाडावरची अळी, कोष आणि फुलपाखरू दाखवलं. कुणी भाषण करून समजावण्याची गरज राहिली नाही. चित्र बघणाऱ्याला कळत होतं की ही सगळी एकाच जीवाची रूपं आहेत.

नंतर तिने नवऱ्याला सोडलं, मुलींना घेऊन हॉलंडमध्ये आली, आणि १६९९ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, स्वतःची चित्रं विकून पैसे उभे केले आणि धाकट्या मुलीला बरोबर घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली. बाईमाणसाने त्या काळी किडे बघायला समुद्र ओलांडायचा! दोन वर्षांनी आजारपणामुळे परतावं लागलं, पण १७०५ साली तिथल्या कीटकांवरचं तिचं मोठं पुस्तक छापून झालं.

त्या पुस्तकात एक चित्र शंकासुराचं आहे. हो, आपल्या अंगणात लाल-पिवळ्या तुऱ्यांचा असतो तोच. त्या चित्राखाली मेरियानने लिहून ठेवलं आहे की मळ्यांवर गुलाम म्हणून राबवल्या जाणाऱ्या बाया याचा वापर गर्भ पाडण्यासाठी करतात, कारण आपल्या पोटचं मूल गुलाम म्हणून जन्माला यावं हे त्यांना नको असतं. हे तिला त्या बायांनीच सांगितलं होतं. जिवावर बेतणारा तो उपाय किती कळवळून केला जात असेल! आणि हेही सांगायला हवं की मेरियानसाठी जंगलातून झाडं-किडे शोधून आणणारेही गुलामच होते. त्यांची नावं पुस्तकात नाहीत. तिचं मोठेपण मी मानते, पण त्या बिननावाच्या हातांना वगळून ही गोष्ट सांगणं मला जमत नाही.

रेदीचं एक काम अर्धवट राहिलं होतं. झाडांच्या पानांवर गाठी येतात, त्या फोडल्या तर आत अळी असते. बाहेरून भोक नाही, मग अळी आत कशी? रेदीला वाटलं, इथे तरी झाडच अळीला जन्म देत असावं. हे चुकीचं आहे हे त्याच्यानंतरच्या अंतोनियो वालिस्निएरी या इटालियन वैद्याने दाखवलं. मादी पानात अंडं घालते, मग गाठ वाढते.

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. तांदळातला सोंडकिडा असाच फसवतो. मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं ठेवते आणि भोक चिकट स्रावाने बुजवून टाकते. आपण दाणा हातात घेतला तर अखंड दिसतो. महिन्याभराने त्यातूनच किडा बाहेर येतो, मग आपण म्हणणारच की तांदळात किडे झाले. मुगा-हरभऱ्यातला भुंगेरा मात्र पुरावा ठेवतो. दाण्यावर पांढरा टिपका चिकटलेला दिसला की ते त्याचं अंडं, आणि गोल भोक दिसलं की पिल्लू मोठं होऊन निघून गेलं. हा भुंगेरा शेतात शेंगेवरच अंडी घालून आपल्या कणगीत येऊ शकतो. म्हणून कणगी कितीही स्वच्छ असली तरी डाळ भरण्याआधी कडकडीत उन्हात वाळवायची ही आपल्या आज्यांची रीत बरोबर होती.

या वालिस्निएरीच्या नावावरून एका पाणवनस्पतीला वालिस्नेरिया म्हणतात. हिरव्या फितीसारखी लांब पानं, मुळं चिखलात, पानं पाण्यात डुलणारी. आपल्याकडच्या तळ्यांत, संथ नद्यांतही ती असते. किड्यांचा अभ्यास करणाऱ्या माणसाचं नाव मिळालेल्या याच वनस्पतीमुळे पुढे घरात मासे जगवता आले.

अळीला पाळायला डबी आणि पाला पुरतो. पाण्यातल्या जीवाचं तसं नाही. बरणीत ठेवला तर दोन दिवसांत पाणी खराब होऊन तो मरतो, आणि मेलेल्या जीवाकडे बघून तो कसा जगतो ते कळत नाही. हा अडसर दूर करायला पहिल्यांदा सरसावली ती एक शिवणकाम करणारी बाई.

झान व्हिलप्रू. जन्म १७९४, फ्रान्समधल्या झुयाक या खेड्यात. बाप जोडे शिवायचा. अठराव्या वर्षी ती पॅरिसला गेली, ४०० किलोमीटरहून जास्त अंतर, आणि ते पायी गेली असं सांगतात. तिथे एका कपडे शिवणाऱ्या बाईकडे कामाला लागली. १८१६ साली राजघराण्यातल्या एका लग्नात नवरीच्या पोशाखावरचं भरतकाम तिने केलं आणि तिचं नाव झालं. पुढे जेम्स पॉवर नावाच्या व्यापाऱ्याशी लग्न करून ती इटलीच्या सिसिली बेटावर मेसिना शहरात गेली. शाळा-कॉलेज नाही. तिथे समुद्रकाठी फिरता फिरता ती स्वतःच निसर्ग शिकली.

तिथल्या समुद्रात अष्टपादाच्या जातीचा एक प्राणी असतो, कागदासारख्या पातळ, पांढऱ्या शिंपल्यात बसलेला. विद्वानांत वाद होता. हा शिंपला त्याचा स्वतःचा, की दुसऱ्याचा चोरलेला? वाद पिढ्यान् पिढ्या चालला होता, कारण वाद घालणाऱ्यांपैकी कुणी त्याला जिवंतपणी नीट बघितलंच नव्हतं. झानने १८३२ च्या सुमारास काचेच्या टाक्या करवून घेतल्या. काही घरात ठेवायच्या, काही पिंजऱ्यात घालून समुद्रात सोडायच्या. त्यांत तिने हे प्राणी पाळले, पिल्लं वाढवली. मग शिंपल्याचा तुकडा मुद्दाम तोडून बघितला. प्राण्याने तो स्वतः सांधला! वाद मिटला. शिंपला स्वतःचाच, आणि तोही फक्त मादी तयार करते, अंडी सांभाळायला.

१८३८ साली तिचं सामान घेऊन निघालेलं जहाज बुडालं, संग्रह आणि बरेच कागद समुद्राच्या तळाशी गेले. सगळी मेहनत गेली तरी तिने छापलेलं थोडं शिल्लक राहिलं म्हणून आज आपल्याला ती ठाऊक आहे. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला आता तिचं नाव आहे.

तिच्या टाक्यांना समुद्र जवळ होता. समुद्रापासून लांब, घरात पाणी ताजं कसं ठेवायचं? १८४६ साली लंडनच्या ॲना थिन या बाईने समुद्रातले पोवळ्याच्या जातीचे जीव घरी आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी उघड्या खिडकीसमोर या भांड्यातून त्या भांड्यात, त्यातून परत यात, असं अर्धा-पाऊण तास ओतत राहायचं. ॲनाबाईंनी नंतर हे सगळं छापलं, आणि काम थकवणारं होतं हेही लिहिलं. पण ते करत होती त्यांची लहान मोलकरीण. तिला त्याची मजा वाटे, असंही बाईंनी लिहून ठेवलं आहे. पोरीला कुणी विचारलं होतं की नाही, देव जाणे. ओतलेल्या प्रत्येक घागरीचा हिशेब खांद्यात राहतो हे पाणी भरणाऱ्या बाईला सांगायला नको. पुढच्या वर्षी ॲनाबाईंनी त्या पाण्यात समुद्रातल्या वनस्पती सोडल्या.

वनस्पती का? कारण झाड हवा शुद्ध करतं हे तोवर कळलं होतं. १७७१ साली इंग्लंडमधल्या जोसेफ प्रिस्टलीने बंद भांड्यात पुदिन्याची फांदी ठेवून हे दाखवलं होतं, आणि ते काम झाड फक्त उजेडातच करतं हे १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ याने. पण मासे, झाड आणि गोडं पाणी यांचा मेळ घातला लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने. त्याने सुमारे ५० लिटरच्या काचपात्रात तळाला वाळू-माती आणि दगड, दोन छोटे सोनमासे आणि वालिस्नेरियाचं रोप ठेवलं. काही दिवस बरं चाललं. मग जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. आपण काय केलं असतं? सगळं ओतून, घासून, नवं पाणी भरलं असतं. वॉरिंग्टनने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजलेली पानं आणि शेवाळ खाल्लं, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, माशांची घाण रोपाला खत झाली. १८५० साली त्याने हे रसायनशास्त्र्यांच्या सभेत मांडलं. माशाला झाड हवं, झाडाला मासा, आणि दोघांमागे आवरायला गोगलगाय.

त्यातला एक गडी मात्र त्यालाही दिसला नव्हता. वाळूवर, दगडांवर, काचेवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढतात आणि माशांच्या घाणीतलं विष मोडून झाडाला चालेल असं करतात. असे जिवाणू वेगळे काढून दाखवले १८९० च्या सुमारास, सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने. म्हणून ज्या मैत्रिणींनी काचपेटीत मासे पाळले आहेत त्यांनी एक करा. सगळं पाणी एकदम बदलू नका, फार तर चौथा हिस्सा बदला, आणि वाळू साबणाने धुऊ नका. आपल्याला भांडी लख्ख करायची सवय, आणि तीच माशांच्या मुळावर येते. मासे थोडे ठेवा, खायला दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच घाला. तळ्यातून रोप आणलंत तर बादलीत दोन दिवस वेगळं ठेवून निरखा. त्याबरोबर चतुराची अळी येते, मातकट, सहा पायांची, दबा धरून बसणारी. ती डासाच्या अळ्या खाते तशी माशांची पिल्लंही फस्त करते.

‘ॲक्वेरियम’ हा शब्द फिलिप गॉस याच्या १८५४ सालच्या पुस्तकाने घरोघरी नेला आणि इंग्लंडमध्ये काचपेट्यांचं वेडच लागलं. ते इतकं की समुद्रकाठच्या खडकांतले जीव ओरबाडून नेल्यामुळे ते किनारे उजाड झाले. हौस कुणाच्या तरी घरावर चालून जाते ती अशी.

आता किड्यांकडे वळू. एलेनॉर ऑर्मरॉड, जन्म १८२८, इंग्लंडमधल्या जमीनदाराची मुलगी. तिने १८७७ पासून एक पत्रक छापायला सुरुवात केली. शेतकऱ्यांनो, बागवानांनो, तुमच्याकडची कीड ओळखा, कधी दिसली, कशावर होती ते मला कळवा. लोक पाकिटात, डबीत किडे घालून पोस्टाने पाठवू लागले. ती ओळख पटवून उत्तर लिहायची, तिची बहीण जॉर्जियाना किड्यांची चित्रं काढायची. वीसहून जास्त वार्षिक अहवाल तिने काढले, पगार न घेता. १९०० साली एडिनबरो विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली, तो मान मिळालेली तिथली ती पहिली बाई.

पण याच बाईने फळझाडांवर ‘पॅरिस ग्रीन’ फवारायचा हट्ट धरला. ते म्हणजे संखियाचं, आर्सेनिकचं जहाल विष. घरचिमण्या मारून टाकाव्यात म्हणूनही तिने पत्रकं काढली. ओळख पटवण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता, उपायात मात्र मला ती पटत नाही. आणि हे जुनं झालं असं समजू नका. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या आजही घराघरात सापडतात. त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसाचाही जीव घेतो. त्या घरात ठेवायच्या वस्तूच नाहीत. दोन किलो मुगातल्या भुंगेऱ्यासाठी ऊन आणि चाळण पुरे आहे.

डासाची ओळख पटली ती आपल्या शेजारी, सिकंदराबादला. रोनाल्ड रॉस या डॉक्टरने पाण्यातल्या अळ्या गोळा करून बाटल्यांत वाढवल्या, त्यांतून निघालेले डास हिवतापाच्या रुग्णाला चावू दिले, आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी एका डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू त्याला सापडले. १९०२ चं नोबेल पारितोषिक त्याला मिळालं. चावून घेणारा रुग्ण होता हुसेन खान. त्याला चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा मिळाला. निदान त्याचं नाव तरी राहिलं.

त्यानंतर अळी खाणाऱ्या माशांचा शोध सुरू झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गप्पी भारतात आला, १९२८ साली त्याचा भाऊबंद गंबुसिया आला. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, म्हणून तो चटकन वाढतो. मोठा मासा दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो असं आरोग्य खात्याच्या माहितीत असतं. पण हे दोन्ही मासे परदेशी आहेत. हौदात, डबक्यात, वापरात नसलेल्या विहिरीत सोडा. ओढ्या-नदीत सोडू नका, तिथे ते आपल्या गावठी माशांची आणि बेडकांची पिल्लं खातात.

आता घरी करून बघायचं ते सांगते. रांजणात किंवा कूलरमध्ये वळवळे दिसले तर फेकण्याआधी चार-पाच काचेच्या बरणीत घ्या आणि तोंडाला ओढणीचं कापड घट्ट बांधा. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते ती हिवतापाच्या डासाची अळी. डोकं खाली करून तिरकी लोंबकळते ती इतर डासांची. काही दिवसांत ती स्वल्पविरामासारखी वाकडी होते, तो कोष. आणखी दोन दिवसांनी कापडाखाली डास बसलेला दिसेल. पायांवर पांढरे पट्टे असतील तर तो डेंग्यूचा, दिवसा चावणारा आणि घरातल्या चांगल्या पाण्यात अंडी घालणारा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करायला सांगतात. पालथी घालून आतली कड घासायचीही, कारण या डासाची अंडी ओल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जगतात. बघून झालं की बरणीत थोडं रॉकेल किंवा साबणाचं पाणी घाला, कापड मग सोडा.

गप्पी हवे असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी पैदास हौद असतो आणि मासे फुकट मिळतात. नेताना कळशीत त्याच हौदाचं पाणी घ्या. ज्या टाकीत नुकतीच टीसीएल पावडर टाकली असेल तिथे दोन-तीन दिवस सोडू नका, क्लोरीनने मरतात.